जात्याचा खुंटा

१

जातं जागच्या जागी होतं. वरची तळी, खालची तळी, मधली खीळ, सगळं बराबर. फक्त खुंटा नव्हता. आणि खुंट्याबिगर जातं म्हणजे नुसता दगड. फिरवणारी बाई धरणार कशाला?

संध्याकाळी गावासमोर पहिला प्रयोग होता. नाटकाचा दिग्दर्शक हरिओम जात्यासमोर उकिडवा बसून डोकं खाजवत होता, आणि बाकीचे एकमेकांची तोंडं बघत होते.

अंकुशनगरच्या कारखान्याच्या अलीकडं खडकाळी नावाचं गाव आहे. त्या गावाच्या शिवेवर एका बागायतदाराचं सोयाबीनचं गोदाम उन्हाळ्यात रिकामं पडतं. तिथं ही पुण्या-संभाजीनगरची मंडळी राहायला आली होती. एकत्र राहायचं, पाळीनं रांधायचं, गावातल्या बायाबापड्यांशी बोलायचं आणि त्यातून नवं नाटक उभं करायचं, असा त्यांचा बेत. ते त्याला रेसिडेन्सी म्हणत. गावानं दुष्काळात जनावरांच्या छावण्या बघितलेल्या, म्हणून गाव म्हणे नाटकाची छावणी. नाटक मागं राहिलेल्या बायांचं होतं. माणूस निघून जातो, कुणी ऊस तोडायला, कुणी मेंढरं घेऊन, कुणी रुसून; आणि बाई दळत बसते.

भागवत जमादारांना त्यात सरपंचाचं काम मिळालं होतं. वाक्यं मोजकीच, पण जमादार ती घरी म्हशीला म्हणून दाखवत. हसू नका. ह्या माणसानं पोलिसात असताना किती नाटकांना, किती तमाशांना बंदोबस्त केला, पण बंदोबस्तावरच्या माणसानं तोंड लोकांकडं ठेवायचं असतं. आयुष्यभर नाटक त्यांच्या पाठीमागं झालं. निवृत्त झाल्यावर पहिल्यांदा ते उलटे वळले होते.

"किल्ली कोणाकडे होती?" शीतलनं विचारलं. ही पुण्याची नटी, गाणारी, बोलायला धारदार.

ते सगळ्यांना ठाऊक होतं. गोदाम झाडून कुलूप लावायचं काम शालूचं. किल्ली रात्री तिच्याच घरी, दाराजवळच्या खिळ्याला. आणि कुलूप तर शाबूत होतं.

शालू गावचीच सून. जातं तिच्या सासरचं, धुळाजीचं. हरिओम जातं मागायला त्याच्या घरी गेला, तेव्हा शालू मागच्या दारी काहीतरी गुणगुणत होती. ते ऐकून त्यानं जात्याबरोबर सूनही मागितली, आणि नाटकातलं मुख्य काम तिला दिलं. धुळाजी म्हातारा कडक, सात पिढ्या मेंढरं राखलेल्या घरातला. त्यानं हो म्हटलं, पण अट घालून: एक बोट उठलं, की सून घरात.

आणि आता ते बोट उठलं होतं. धुळाजी दारातच उभा होता, काठीवर दोन्ही हात ठेवून.

"दिवस मावळायच्या आत चोर सापडला तर सापडला," तो म्हणाला. "न्हाई तर शालू, तू घरी. पुन्हा ह्या वाटंनं यायचं न्हाई."

शालूनं मान खाली घातली. तिनं एकदाही म्हटलं नाही की मी घेतला नाही, आणि जमादारांना तेच खटकलं.

२

"नवा खुंटा मी घंट्याभरात करून देतो," कडूबा म्हणाला. हा केदारखेड्याचा सुतार, नाटकाचा सगळा देखावा त्याच्या हातचा. "बाभळीचं लाकूड पडून हाये."

"खुंटा होईल रे," जमादार म्हणाले. "पण पोरीवर बोट उठलं ते खाली कसं आणायचं?"

ह्या पोरीचं त्यांना वाईट वाटत होतं, आणि का ते त्यांना पक्कं माहीत होतं. शालूचा नवरा रामप्रसाद घर सोडून गेला होता. मेंढरं कुणाच्या उसात शिरली, तक्रार आली, आणि धुळाजीनं चौकात, चहाच्या टपरीपुढं, चार माणसांत आपल्या लग्न झालेल्या पोराच्या मुस्कटात मारली. पोरगं तसंच एसटीत बसलं ते गेलं. त्याचा एकदा फोन आला तर म्हाताऱ्यानं घेऊन कट केला. त्यानंतर नंबर बंद. धुळाजीनं घरात जाहीर केलं, की ह्या उंबऱ्याच्या आत त्याचं नाव निघता कामा नये. सासू आसराबाई गप्प झाली, सून गप्प झाली. शालूचा आवाज पुन्हा ऐकू आला तो ह्या गोदामात. तिथं ती नाटकातली बाई होऊन नवऱ्याची वाट बघायची. घरात जे करायची चोरी होती, ते इथं उजेडात, माणसांसमोर करता येत होतं. तिला घरी नेणं म्हणजे ते तोंड पुन्हा शिवणं.

जमादारांनी आधी जातंच नीट बघितलं. त्याच्यावर फडकं झाकलेलं होतं. खुंटा ढिला होऊ नये म्हणून भोकात चिंधी ठोकलेली असायची. ती चिंधी घडी घालून तळीवर ठेवली होती. आणि दोन्ही तळ्यांच्या मधून थोडंसं पीठ सांडलं होतं. जमादारांनी ते चिमटीत घेऊन नाकाशी नेलं.

"कडूबा, हा खुंटा ओढून निघतो का रं?"

"बिलकुल न्हाई. डावी-उजवीकडं हालवत, दमानं काढावा लागतो. अवजार लावलं असतं तर दगडाला टवका गेला असता."

"तू तर दगडाचं जातं नकोच म्हणत व्हतास."

कडूबा ओशाळला. "मी लाकडाचं हलकं जातं केल्तं, रंग देऊन. हरिओमभाऊ म्हणले खोटं दिसतं. राग आल्ता मला, खोटं कशाला बोलू. पण जमादार, मला नाटक बंद पाडायचं असतं तर मी तळीच फोडली असती. खुंट्याचं काय, तो तर मलाच पुन्हा करावा लागणार."

बोलणं सरळ होतं. कडूबा वळला, आणि जाता जाता म्हणाला, "वाईट त्या म्हातारीचं वाटतं. आसराबाईचं. रोज सगळ्यांच्या आधी येऊन बसती. नाटकाचं लई याड तिला."

जमादार हो म्हणाले, आणि मग बोलता बोलता थांबले. आसराबाई रोज येत होती हे खरं. पण काल जात्याचा प्रवेश सुरू झाला, तशी ती उठून बाहेर गेली होती. सुनेचा सगळ्यात मोठा प्रवेश, आणि सासूनं तेवढाच बघितला नव्हता.

३

शीतल मागच्या बाजूला पंख्यापुढं बसली होती. जमादारांनी खुर्ची ओढली.

"मीच घेतला असं वाटतंय ना तुम्हाला?" तिनं सुरुवातच अशी केली. "ते काम मला हवं होतं. सगळ्यांना माहीत आहे."

"मंग?"

"मग काय. दोन दिवस शालूला बघितलं आणि हट्ट सोडला. ती जातं फिरवते ना काका, तेव्हा ती कुठंतरी लांब बघत असते. मला नाही तसं बघता येत. मी कुणाची अशी वाट बघितलीच नाही." तिनं पंखा जरा जमादारांकडं वळवला. "एक सांगू? ती ओवी म्हणते त्यात एक जागा मोकळी सोडते. ओवीत बायका आपल्या माणसाचं नाव घालतात ना? तिथं ती नुसती गुणगुणते. मी म्हटलं, कुठलंही नाव घाल, नाटकच तर आहे. तिच्या डोळ्यांत एकदम पाणी आलं. मग मी पुन्हा विचारलं नाही."

हरिओम आतमध्ये दिवे तपासत होता. पोरगा मनाचा चांगला, पण तालमीच्या ताणानं चिडचिडा झालेला.

"पिठावरून काही भांडण झाल्तं का?" जमादारांनी विचारलं.

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणी न्हाई. जात्याखाली पीठ हाये, आणि तुमच्या नाटकात दाणे नसतात. शालू नुसतंच फिरवती."

हरिओमनं सुस्कारा टाकला. "काका, खाली काळं कापड आहे. पीठ सांडलं की दिव्यात सगळं दिसतं. शिवाय रोज कोण झाडणार? म्हणून ठरवलं होतं, दाणे नकोत, अभिनय करायचा. तरी रोज जात्यात कुणीतरी मूठभर टाकलेलं असायचं. एक दिवस मी शालूवर सगळ्यांसमोर ओरडलो. ती म्हणाली, मी नाही टाकलं. दुसऱ्या दिवशी आपणहून आली आणि म्हणाली, मीच टाकत होते, चुकलं, आता नाही टाकणार. आणि खरंच बंद झालं."

"कधीची गोष्ट?"

"परवा-तेरवाची."

"म्हणजे कालच्या तालमीत जातं रिकामं फिरलं."

"हो. छान झाली तालीम. आवाज जरा कर्कश आला, दगडावर दगड."

जमादार स्वयंपाकाच्या कोपऱ्यात गेले आणि एकेक डबा उघडून बघितला. गहू होते, ज्वारीचं पीठ होतं, तांदूळ होते. मग जात्याखालचं पीठ पुन्हा चिमटीत घेऊन बघितलं, ते करड्या रंगाचं होतं. बाजरी. भर वैशाखात, अंगाची लाही होत असताना, छावणीत बाजरी कोण खाणार? हे दाणे बाहेरून आले होते, आणि आणणारा माणूस रोज येत होता.

शालू पायरीवर बसली होती. जमादार तिच्या शेजारी टेकले.

"पोरी, तुला ठावं हाये कोण ते."

ती बोटानं पायरीवरची धूळ सारखी करू लागली.

"तू एकदा म्हणलीस मी दाणे टाकले न्हाई, मंग म्हणलीस मीच टाकले. मधल्या वेळात तुला कळलं कोण टाकतं. आज सकाळी चिंधीची घडी बघितली आणि तेव्हाच तू गप्प झालीस."

"जमादारकाका," शालू हळूच म्हणाली, "मला घरी जाऊ द्या. माझं काय, मी घरात बसून राहीन. पण तुम्ही तिकडं जाऊ नका. तुम्हाला आत्याची आण हाये."

सासूची आण घालून तिनं नाव सांगून टाकलं होतं. ते तिच्याही लक्षात आलं, आणि तिनं पदर तोंडावर घेतला.

४

आसराबाई रानात होती. कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्या उपटून तिनं मोळी बांधली होती आणि लिंबाच्या सावलीला टेकली होती. गावात काय झालंय हे तिच्या कानावर नव्हतं. भल्या पहाटेच ती घरातून निघाली होती.

"वहिनी, पाणी हाये का?" जमादारांनी विचारलं.

तिनं तांब्या पुढं केला. ते प्यायले. मग म्हणाले, "शालूवर चोरीचं बोट आलंय. धुळाजीभाऊ तिला संध्याकाळी घरी न्यायचं म्हणून राह्यलेत."

म्हातारीचा हात तिच्या कमरेकडं गेला. तिथं लुगड्याच्या ओच्यात काहीतरी लांबट बांधलेलं होतं. जमादारांनी तिकडं बघायचं टाळलं.

"पोरीवर?" ती म्हणाली. "तिच्यावर कामून?"

"किल्ली तिच्यापाशी व्हती."

"किल्ली तर मीच घेतल्ती खिळ्याची." ती एवढ्या सहज म्हणाली, की जमादारांनी हातातला तांब्या खाली ठेवला. पोलिसात असताना कुणी इतक्या लवकर कबूल झालं नव्हतं.

मग ती आपणच बोलू लागली. रिकामं जातं फिरवू नये, हे तुम्हालाबी म्हाईत हाये. आमच्या आईनं सांगितलेलं, तिला तिच्या आईनं. दुसऱ्या बाया म्हणत्यात घरात भांडणं व्हत्यात. आमची आई म्हणायची, जातं रिकामं फिरलं, की घरातलं जे माणूस लांब असतं ते त्या दिवशी उपाशी राहतं. जात्याला घास दिला, की त्यालाबी कुठं तरी मिळतो.

"तुम्ही हसाल," ती म्हणाली.

"मी हसून राह्यलो का?"

"तो गेला तवापासून मी रोज मूठभर दळती, जमादार. गिरणीतून पीठ आणलं तरी मूठभर दळतीच. मंग ह्यांनी मला न पुसता जातं तिकडं दिलं. ती लेकरं रोज ते रिकामं फिरवू लागली. म्हणून मी आधी जाऊन वैरण घालायची, मूठभर बाजरी. तर त्या पोरानं शालूला टाकून बोललं. माझ्यापायी तिनं ऐकून घेतलं. मंग मी बंद केलं. काल ते रिकामं फिरलं. मी बाहेर उभी व्हते. मला तो आवाज ऐकवला न्हाई. माझं लेकरू कुठंतरी उपाशी झोपलं आसल, असंच वाटत राह्यलं."

"म्हणून आज उजाडता तुम्ही गेल्ता. आधी मूठभर दळलं, म्हणजे शेवटचा फेरा रिकामा जाऊ नये. मंग खुंटा काढला, फडकं झाकलं."

"खुंटाच न्हाई तर कोण फिरवल."

"मंग सरळ सांगायचं हरिओमला, दाणे घालून फिरव म्हणून. पोरगं ऐकणारं हाये."

आसराबाईनं त्यांच्याकडं असं बघितलं, की जमादारांना आपल्या प्रश्नाची लाज वाटली.

"कामून म्हणून विचारलं असतं त्यानं," ती म्हणाली. "ह्यांच्यासमोर. मंग मी कुणाचं नाव सांगायचं व्हतं?"

ऊन उतरू लागलं होतं. जमादारांनी मोळी उचलून आपल्या डोक्यावर घेतली. सरपंचाचे कपडे अजून इस्त्री व्हायचे होते, पण त्याची त्यांना आठवणही नव्हती.

"सांगावं लागंल, वहिनी," ते म्हणाले. "मी सांगितलं तर ती चुगली व्हईल."

ती उठली आणि त्यांच्या पुढं चालू लागली. ती गोदामाकडं चाललीय की घराकडं, हे रस्ता फुटेपर्यंत त्यांना कळणार नव्हतं.

५

गोदामाच्या अंगणात सतरंज्या पडल्या होत्या, लेकरं पुढच्या जागेसाठी भांडत होती. आत धुळाजी आला होता. शालूनं नाटकातलं लुगडं सोडून घरचं नेसलं होतं.

"चला," धुळाजी म्हणाला.

"थांबा जरा," जमादार दारातून म्हणाले. त्यांनी सगळ्यांना जात्याभोवती बसवलं. त्यांचा आवाज नेहमीपेक्षा बारीक निघाला. इतकी वर्षं लोकांना बसा म्हणून ओरडण्यात गेली, समजावून सांगायची पाळी क्वचित आली.

"ज्यानं हे केलं त्याला नाटक मोडायचं नव्हतं. मोडायचं असतं तर तळी फोडली असती, कडूबा बराबर म्हणला. त्याला जात्याची माया व्हती, न्हाई तर चोर कशाला चिंधीची घडी घालतो आणि फडकं झाकतो? त्यानं खुंटा काढायच्या आधी बाजरी दळली. तुमच्या डब्यात बाजरी न्हाई. म्हणजे चोर छावणीतला न्हाई. बाजरी आधीबी रोज येत व्हती, म्हणजे येणारा रोजचा. आणि ज्या दिवशी बाजरी बंद झाली, त्याच्या लगोलग खुंटा गेला. बाजरी आणि खुंटा, दोन्ही एकाच माणसाची कामं. त्याला एवढंच पाहिजे व्हतं, की हे जातं रिकामं फिरू नये."

"पण का?" हरिओम म्हणाला.

"ते मी सांगणार न्हाई."

दारात आसराबाई उभी होती. ती आत आली, कमरेचा खुंटा सोडला आणि जात्यावर ठेवला. धुळाजीकडं तिनं पाठ केली नाही, त्याच्या तोंडाकडं बघूनच ती बोलली.

"मी घेतला. माझा रामप्रसाद उपाशी राहू नये म्हणून."

शालूला हुंदका फुटला. धुळाजीच्या हातातली काठी एकदा जमिनीवर आपटली. मग तो उठला आणि बाहेर निघून गेला.

६

हरिओमनं जात्याखालचं काळं कापड स्वतः ओढून काढलं. तो आसराबाईपुढं बसला आणि म्हणाला, "आजी, मला कुणी सांगितलं नाही. मी विचारलंही नाही." तिनं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. मग घरून बाजरीनं भरलेलं सूप आणवलं.

शालूला कुणी न्यायला आलं नाही, आणि जा असंही कुणी म्हटलं नाही. तिनं पुन्हा लुगडं बदललं. जमादारांनी आपली वाक्यं म्हटली; एक विसरले, पण गावानं टाळ्या दिल्या. मग ते कडेला जाऊन उभे राहिले आणि सवयीनं त्यांचं तोंड लोकांकडं वळलं. मागं जात्याचा प्रवेश सुरू झाला. आज दगडावर दगड घासत नव्हता. दाण्यावर चालणाऱ्या जात्याचा भरलेला आवाज येत होता. शालू म्हणत होती:

सुपात बाजरी, घास घालिते जात्याला
उपाशी नको राहू, सांगा रामप्रसादाला

पुढच्या सतरंजीवरच्या बायांनी पदर डोळ्यांना लावले. आणि लोकांच्या अगदी मागं, लिंबाच्या बुंध्याशी, जमादारांना धुळाजी दिसला. घरी गेला म्हणून समजलेला म्हातारा उभ्यानं ऐकत होता. आज पहिल्यांदाच लोकांकडं तोंड करून उभं राहिल्याचं जमादारांना वाईट वाटलं नाही.

प्रयोग संपला. माणसं पांगली, शालू आणि आसराबाई सांडलेलं पीठ ओंजळीनं सुपात भरू लागल्या. धुळाजी पुढं आला. दोघींजवळ न जाता तो जमादारांपाशी थांबला.

"जमादार, तुमची ठाण्यात अजून वळख हाये का?"

"हाये की."

"माणूस शोधून देत्यात का? लई दिवस झाल्यावर?"

"देत्यात. तक्रार लिहावी लागती."

"मंग लिहा."

"घरच्या माणसानं बोलून लिहावी लागती." जमादार त्याच्याकडं बघत होते. "हरवलेल्याचं नाव सांगा."

"तुम्हाला म्हाईत हाये."

"मला म्हाईत असून भागत न्हाई, धुळाजीभाऊ. तुम्ही सांगा."

पीठ भरणारे दोघींचे हात थांबले. म्हाताऱ्यानं काठी या हातातून त्या हातात घेतली, एकदा गावाच्या रस्त्याकडं बघितलं.

"रामप्रसाद," तो म्हणाला. "बापाचं नाव धुळाजी लिहा."